कसबाला कागद देणारे

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



२०२० मध्ये नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले आणि शाळाशाळांतून 'कौशल्य' हा शब्द रुळला. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ जाऊन शिकावे, २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी, असे या धोरणात म्हटले आहे. हेतू उत्तम आहे. परंतु पालकसभेत हा विषय निघाला की अभ्यासक्रमाविषयी फारसे कोणी विचारत नाही. विचारले जाते ते असे : "याचं सर्टिफिकेट कोण देणार? आणि ते चालतं कुठं?" हा प्रश्न कोणाला निव्वळ व्यवहारी वाटेल, कोणाला किंचित क्षुद्रही वाटेल. वस्तुतः व्यवसायशिक्षणातला सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आज लखनौच्या चौकात जावयाचे आहे. इतक्या दूर कशासाठी, असे कोणी म्हणेल. कारण एवढेच की, त्या ठिकाणी कसब पिढ्यानपिढ्यांचे आहे आणि कागद अगदी कालचा आहे.

चौक म्हणजे जुन्या लखनौचा गाभा. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर अत्तराच्या दुकानांशेजारी चिकनच्या कपड्यांची दुकाने आहेत. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत एखादा लखनवी कुडता असतोच. तो कोणाच्या हातून आला हे मात्र घालणाऱ्याला ठाऊक नसते. खरे म्हणजे तो एका हातचा नसतोच. शिंपी कापड बेततो. छापणारा लाकडी ठशांनी, धुतल्यावर निघून जाईल अशा निळ्या रंगात, वेलबुट्टी उमटवतो. मग ते कापड भरतकामासाठी शहरातील गल्ल्यांत आणि काकोरी, मलिहाबादकडच्या गावांत घरोघर जाते. शेवटी धोबी ती निळाई धुऊन काढतो, तेव्हा पांढऱ्यावर पांढरी नक्षी उघडी पडते.

भरतकाम करणाऱ्या बहुतांश स्त्रियाच. त्यांच्या टाक्यांची नावे ऐकावीत : टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी. टेपची म्हणजे साधा धावता टाका. बखिया कापडाच्या उलट बाजूने भरतात आणि सुलट बाजूला तलम मलमलीतून त्याची नुसती सावली दिसते. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, फंदा त्याहून बारीक आणि गोल. जाळीचा टाका तर पाहणाऱ्याला चकवतो. तिच्यात एकही धागा कापत नाहीत की ओढून काढत नाहीत. सुईने ताणाबाणा बाजूला सारून टाक्यांनी आवळतात आणि छिद्रे घडवतात. अनेकदा एकच कुडता दोन-तीन घरी फिरतो, कारण बखियात हात बसलेली स्त्री मुर्री भरतेच असे नाही. 'चिकनचे काम येते' या एका वाक्यात केवढे अंतर सामावलेले असते, हे यावरून ध्यानात यावे.

आता हे काम चांगले की वाईट, हे ठरवते कोण? परंपरेने व्यापारी, किंवा त्याच्या वतीने घरोघर कापड वाटणारा मध्यस्थ. त्याची नजर तयार असते, यात शंका नाही. पण जो काम तपासतो तोच नगामागे मजुरी देतो. टाका सैल आहे, डाग पडला आहे, असे त्याने म्हटले की पैसे कापले जातात आणि त्यावर दाद मागण्यास जागा नसते. परीक्षक आणि पैसे देणारा एकच असला म्हणजे परीक्षेचा निकाल कोणाच्या सोयीचा लागणार, हे सांगावयास नको. मानववंशशास्त्रज्ञ क्लेअर विल्किन्सन-वेबर यांचा या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांवरील ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांचे काम 'रिकाम्या वेळचे काम' म्हणून कसे गणले जाते आणि त्यामुळे त्यातले कसबच कसे झाकले जाते, हे त्यांनी दाखवले आहे. १९८४ मध्ये लखनौत स्थापन झालेल्या 'सेवा' या संस्थेने मध्यस्थाला वगळून काम थेट स्त्रियांच्या हाती देण्याचा मार्ग धरला, तो याच कोंडीतून.

डिसेंबर २००८ मध्ये लखनौच्या चिकनला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा आनंदच आहे. यंत्रावर भरलेल्या नकली कापडाला 'लखनवी' म्हणण्यास त्यामुळे कायद्याने आडकाठी आली. मात्र ते मानांकन वस्तूला आहे. जिने जाळी काढली तिच्या हाती त्यामुळे काहीच कागद येत नाही.

तो कागद देण्याची व्यवस्था गेल्या दशकात उभी राहू लागली. २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. कोणत्या कामाला कोणती पातळी, हे त्यात पायऱ्यापायऱ्यांनी मांडले आहे. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. तिच्यात एक तरतूद विशेष मोलाची होती : ज्याला काम आधीच येते त्याला पुन्हा पहिलीत बसवू नये, थोडकी ओळख करून देऊन थेट परीक्षा घ्यावी आणि पूर्वीच्या ज्ञानाला मान्यता द्यावी. चौकातल्या स्त्रीसाठी याहून योग्य कल्पना कोणती असणार? तयार कपड्यांच्या क्षेत्र-परिषदेकडे हाताने भरतकाम करणाऱ्यांसाठी पात्रताही तयार होती.

अडचण कल्पनेत नव्हती. ती कागद देणाऱ्यांत होती. क्षेत्र-परिषदाच मानके ठरवीत, त्याच प्रशिक्षण देणाऱ्यांना जोडून घेत, परीक्षेची व्यवस्था त्यांचीच आणि प्रमाणपत्रावर सहीही त्यांचीच. २०१६ मध्ये शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या हितसंबंधांच्या गुंत्यावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. किती उमेदवार प्रमाणित झाले यावर साऱ्या साखळीचे पैसे अवलंबून असतील, तर नापास करावयाचे कोणी आणि कशासाठी? येथे चौकातल्या व्यापाऱ्याची गोष्ट उलटी होऊन समोर येते. तो पैसे वाचवण्यासाठी काम नापास करील. ही साखळी पैसे मिळवण्यासाठी सर्वांनाच पास करील. दोन्हीकडे कसबाची परीक्षा होतच नाही.

यावर उपाय म्हणून ५ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. १९५६ पासूनची जुनी परिषद आणि राष्ट्रीय कौशल्य विकास अभिकरण या दोहोंची कामे तिच्याकडे आली व १ ऑगस्ट २०२० पासून ती कार्यरत झाली. ही परिषद स्वतः कोणाला शिकवत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, ज्यांना सरकारी भाषेत 'अवॉर्डिंग बॉडी' म्हणतात, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था यांना मान्यता देणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे, त्यांच्याविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणे, हे तिचे काम. मान्यता मागणाऱ्या संस्थेने आपली धोरणे लेखी ठेवावीत, अशी जगभर रीत आहे. ती कागदपत्रे वाचण्यास अत्यंत नीरस असतात, हे कबूल. तथापि त्यांतले एकेक कलम चौकात नेऊन पाहिले की त्याला जीव येतो.

समजा, एका स्त्रीने परीक्षेत मुर्रीची वेल भरली. परीक्षकाला मुर्री आणि फंदा यांतला भेद कळतो का? म्हणून परीक्षकाच्या पात्रतेचे धोरण. लखनौतला परीक्षक ज्या कामाला उत्तम म्हणतो त्याला बाराबंकीतला सुमार म्हणत असेल तर? म्हणून परीक्षेपूर्वी सर्व परीक्षकांनी एकत्र बसून तेच तेच नमुने तपासावयाचे, गुण जुळतात का पाहावयाचे, न जुळल्यास का ते बोलावयाचे. परीक्षेनंतर दुसऱ्या कोणी काही नमुने पुन्हा तपासावयाचे. त्यासाठी कापडाचा तुकडा, निदान त्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, जपून ठेवणे आले. बखियाचे खरे रूप उलट बाजूलाच कळते, सुलट बाजूचे एक छायाचित्र पुरत नाही. तिच्या जागी नणंद येऊन बसली तर? म्हणून गैरप्रकारांचे धोरण. आणि ती नापास झाली व तिला ते मान्य नसेल तर? शिकवणाऱ्याकडे नव्हे, परीक्षा घेणाऱ्याकडेही नव्हे, या दोघांहून वेगळ्या माणसाकडे तिला दाद मागता आली पाहिजे. तीही तिला वाचता येईल अशा भाषेत आणि ठरलेल्या मुदतीत. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. चौकात पिढ्यानपिढ्या नव्हते ते नेमके हेच.

नव्या व्यवस्थेत एक जागा अजून खटकते. काही संस्थांना प्रमाणपत्र देणे व परीक्षा घेणे या दोन्ही कामांची एकत्र मान्यता मिळते. त्यामागे सोय असेल. पण सोयीला राखण लागते. इंग्लंडमध्ये अशा संस्थांवर ऑफक्वॉल या नियामकाची देखरेख असते. निकालात ज्याचा वैयक्तिक स्वार्थ आहे त्याने मूल्यमापन करू नये यासाठी संस्थेने सर्व वाजवी खबरदारी घ्यावी, आणि ते टाळता येत नसेल तेथे त्याचे काम दुसऱ्याने तपासावे, असा तेथील नियम आहे. तेथे सिटी अँड गिल्ड्स या नावाने चालणाऱ्या कारागिरांच्या परीक्षांची परंपरा १८७८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेपासूनची आहे. एवढ्या जुन्या परंपरेलाही हा नियम लागू आहे, हे लक्षात घ्यावे.

महाराष्ट्राला ही शिस्त परकी नाही. तालुक्यातालुक्यांत टंकलेखनाचे क्लास होते. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र कारकुनाच्या नोकरीचे दार उघडत असे. ते का चालले? क्लासचे मालक आपल्याच विद्यार्थ्याला पास करू शकत नव्हते म्हणून; परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची होती. संगीताचेही तसेच. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसलेल्या कितीतरी मुली आज येथे आजी होऊन बसल्या असतील. बाहेरगावहून येणाऱ्या परीक्षकांची त्यांना वाटलेली भीती हीच त्या 'विशारद'ची किंमत होती. आणि लखनौशी तर याबाबतीत जुने नाते आहे. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ मध्ये तेथे मॉरिस कॉलेज सुरू झाले आणि घराण्यांच्या ओसरीवरची विद्या अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या चौकटीत आली. चौकटीत बसवताना काही निसटलेही, अशी टीका गाणाऱ्यांनी केली. ती सर्वस्वी चूक नव्हती. परंतु ज्याच्या घरात उस्ताद नव्हता त्याच्यासाठी दार उघडले, तेही त्याच चौकटीमुळे. मॉरिस कॉलेज कैसरबागेतले. चौकापासून ते फार लांब नाही. गाण्याला १९२६ मध्ये मिळालेली परीक्षेची चौकट सुईला मिळण्यास जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. सुई स्त्रियांच्या हाती होती, हे त्याचे एक कारण असावे.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे. पाल्याने शिवणकाम, विद्युतकाम, सौंदर्योपचार, संगणक, कोणताही अभ्यासक्रम निवडला तरी शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. प्रमाणपत्रावर नाव कोणाचे असेल, शिकवणाऱ्या संस्थेचे की प्रमाणपत्र देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचे? ही पात्रता राष्ट्रीय आराखड्यात कोणत्या पातळीवर आहे? परीक्षा कोण घेणार, आणि त्याचा शिकवणाऱ्याशी काय संबंध? निकाल अमान्य असल्यास अर्ज कोठे करावयाचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पडताळता येतात. मान्यता दिलेल्या संस्थांची यादी आणि मंजूर पात्रतांची नोंद राष्ट्रीय परिषदेने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे संस्थेकडून लेखी घ्यावीत. "आमच्याकडे कोणी नापास होतच नाही," असे उत्तर मिळाले तर मुलाला घेऊन उठावे.