दारातील भरली घागर



युद्ध म्हटले की सैनिक आठवतो. घरच्या आघाडीवर पाण्याची नळी धरणारा सहसा आठवत नाही. आमचे थोरले काका रिसोडहून मुंबईस गिरणीत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात, हवाई हल्ल्याच्या भयाने उभारलेल्या आग विझविणाऱ्या पथकात स्वेच्छेने दाखल झाले. मुंबईवर बाँब पडले नाहीत. आग लागली ती आपल्याच गोदीत! १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील कापूस पेटला. त्याच जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळा होता. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले.

काका वाचले, त्यांच्या जोडीने नळी धरणारा सोबती परतला नाही. पुढे काका गावी आले, परंतु त्याविषयी बोलत नसत. दर १४ एप्रिलला दारात भरली घागर ठेवीत, एवढेच. कापूस पिकविणाऱ्या आपल्या वऱ्हाडात तिचा अर्थ कोणास सांगावा लागू नये.

त्या सोबत्याचे नाव आम्ही कधी विचारले नाही. आज सांगणारे कोणी उरले नाही. म्हणून विनंती एवढीच, की आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना वेळीच विचारावे आणि ऐकलेले लिहून ठेवावे.