समाजशास्त्र : अध्यापन आणि लेखन

समाजशास्त्र हा विषय विद्यार्थ्याला सोपा वाटतो, आणि हीच त्याच्या अध्यापनातील खरी अडचण होय. कुटुंब, जात, विवाह यांविषयी प्रत्येकाची मते आधीच तयार असतात. मत आणि शास्त्र यांतील अंतर त्याला कसे उमगावे?

मुंबई विद्यापीठात १९१९ साली या विषयाचा विभाग निघाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांचा भर नगराच्या प्रत्यक्ष पाहणीवर होता. १९२४ पासून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी ग्रंथाध्ययनाची शिस्त आणली. मात्र स्वतः ग्रंथांत रमणाऱ्या या गुरूने शिष्यांना लोकांतही धाडले. त्यांच्या शिष्या इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच ज्ञातीवर, प्रबंध लिहिला. परिचिताकडे परक्याच्या नजरेने पाहावयाचे, ही या शास्त्राची कसोटी.

तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत ती लागत नाही. ‘एकत्र कुटुंब मोडत आहे’ हे वाक्य टिपणांवरून पाठ करता येते. परंतु आपल्या आळीतील दहा घरांत चुली किती, मिळकत कोणाच्या हाती, कुळाचाराला कोण जमते, हे विचारून लिहू लागताच ते वाक्य डळमळते. चुली वेगळ्या असलेले भाऊ कुलदैवतापुढे एकत्र दिसतात! मग ‘एकत्र’ म्हणजे काय, हा प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःलाच पडतो.

अशा निबंधात पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानिलेले वेगवेगळे मांडावयास शिक्षकाने सांगावे, व शेरे देऊन तो पुन्हा लिहून घ्यावा. वर्ग मोठा असेल तर वर्षाला असा एकच निबंध पुरे. पण तो विद्यार्थ्याने स्वतः पाहून लिहिलेला असावा.