निळ्या शाईची निवड



कामगार चळवळीतल्या माणसाने मजुरीचा प्रश्न सोडून शाईवर का बोलावे, असे आपणांस वाटेल. पण १९२६ च्या कायद्याखाली सात सभासदांनी नियमांवर सह्या केल्या की संघटनेच्या नोंदणीचा अर्ज करता येई. म्हणजे आमच्या चळवळीची सुरुवातच सहीने होते. ती सही कोणत्या शाईने करावी, हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो.

फाउंटन पेनाची हौस असलेली माणसे मनाजोगत्या निळ्या छटेसाठी दुकाने पालथी घालतात. कुणाला एक शाई जांभळट वाटते, कुणाला दुसरी हिरवट. आम्हीही त्यांतलेच. पण दौतीकडे पाहून छटा कळत नाही. शाई ओली असताना वेगळी दिसते, वाळल्यावर वेगळी. बारीक निबातून फिकी, जाड निबातून गडद. आणि छटेच्या पलीकडे आणखी एक प्रश्न असतो, तो आम्ही विचारलाच नव्हता.

रॉयल ब्लू म्हणजे पाण्यात विरघळवलेला कृत्रिम रंग. १८५६ साली पर्किनने डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग काढला आणि अशा रंगांचे युग सुरू झाले. ही शाई दिसायला टवटवीत. पण पाण्याने धुतली जाते, उन्हाने विटते. शाळकरी मुलाच्या सदऱ्यावर ती सांडली, तर हाच तिचा गुण ठरतो.

जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईची गोष्ट निराळी. तिच्यात हिराकस म्हणजे लोहाचा क्षार असतो, आणि मायफळासारख्या पदार्थातले टॅनिन असते. हेच मायफळ आपल्या घरी बाळगुटीत उगाळतात. ही शाई कागदावर प्रथम फिकी उमटते. लिहिलेले दिसावे एवढ्यासाठीच तिच्यात निळा रंग घालतात. मग हवेतला प्राणवायू लागला की लोह काळे पडते आणि कागदाच्या तंतूंत रुतून बसते. पाणी पडले तर वरचा निळा रंग जाईल, अक्षर जात नाही. इंग्लंडात विवाहनोंदणीच्या वह्या अशाच शाईने लिहीत. २०२१ साली तेथली नोंदणी संगणकावर गेली.

आमचे जुने खजिनदार वर्गणीच्या रजिस्टरासाठी हीच शाई वापरीत. रजिस्टर आमच्याकडे आले तेव्हा ती आम्हांला मळकट वाटली. आम्ही झळझळीत रॉयल ब्लू आणली. सभासदांनाही ती आवडली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ल्याच्या आमच्या कचेरीत छातीइतके पाणी शिरले. कारखाना तेव्हा बंद पडला होता, थकलेल्या देण्यांचा दावा चालू होता, आणि कोण कधीपासून कामावर होते याचा आमच्याजवळचा पुरावा म्हणजे ते रजिस्टर. पाने उन्हात वाळवली. खजिनदारांच्या काळातल्या सह्या डागाळल्या, पण वाचता आल्या. आमच्या काळातली पाने नुसती निळसर झाली होती. एका सभासदाची विधवा त्या पानांवर नवऱ्याची सही शोधीत बराच वेळ बसली होती. तिला काय सांगावे, हे आम्हांला सुचले नाही. दोष पावसाचा नव्हता. आमच्या आवडीचा होता.

१९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि वड्या करून कॅम्लिनचा पाया घातला. १९३४ साली राजशाहीत मैत्र बंधूंनी सुलेखा शाई काढली. शाई कोणाची, हा प्रश्न त्या पिढीने विचारला. शाई कशासाठी, हा आपण विचारावा.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. बाटलीवर निळी-काळी लिहिले म्हणून भुलू नका. पुष्कळ शायांत लोह नसते, नुसते रंगच असतात. ज्या कागदावर लिहायचे त्यावरच दोन ओळी लिहा. आठवडाभराने कागद कापा. एक तुकडा उन्हात ठेवा, दुसऱ्यावर पाणी टाका. लोहाची शाई आम्लधर्मी असते, पोलादी निब खाते, म्हणून पेन वरचेवर पाण्याने धुवा. पत्र कोणत्याही आवडत्या निळ्याने लिहा. पण जेथे दुसऱ्याच्या भाकरीचा हिशोब आहे, तेथे आपली आवड बाजूला ठेवा.