चिखलातले पाय आणि रक्तातली साखर

मृगानंतर पाऊस धरला की कोलाडपासून रोह्यापर्यंत कुंडलिकेच्या दोन्ही अंगांची खाचरं भरतात आणि लावणीला उतरलेली माणसं दिवसदिवस चिखलात उभी असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कुणाला काटा लागतो, कुणाचा घोटा बांधावरच्या दगडाने खरचटतो. बहुतेकांचं आठ दिवसांत भरून येतं. काहींचं मात्र चिघळतं. नडगीपर्यंत सूज चढते, ताप येतो आणि गाडी अलिबागच्या नाहीतर मुंबईच्या वाटेला लागते. चिखल तोच, जंतू तेच. मग फरक का पडतो? त्याचं एक मोठं कारण रक्तातल्या साखरेत आहे, आणि म्हणून अशा पायाचा इलाज साखर मोजण्यापासून सुरू व्हायला हवा, एवढंच आज मांडायचं आहे.

काळपुळी आणि मधुमेह यांचं नातं आपल्या जुन्या माणसांनाही ठाऊक होतं. पण ‘गोड रक्तावर जंतू पोसतात’ हा त्याचा प्रचलित अर्थ अपुरा आहे. जंतूंना पुरेल इतकी साखर निरोगी माणसाच्या रक्तातही असते. उणीव पडते ती जंतूंना गिळणाऱ्या पेशींच्या कामात. जखम झाली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, तिच्यातून बाहेर पडतात, जंतूंचा रासायनिक माग काढत पोचतात, त्यांना गिळतात आणि प्राणवायूपासून बनवलेल्या जहाल द्रव्यांनी मारतात. साखर चढलेली असली की यातल्या बऱ्याच पायऱ्या ढिल्या पडतात, असं प्रयोगशाळांतून वारंवार दिसलं आहे. शेवटच्या पायरीचं उदाहरण घेऊ. ती जहाल द्रव्यं बनवायला पेशीला एनएडीपीएच नावाचं संयुग लागतं. पेशीत साखर जादा झाली की तिचं सॉर्बिटॉल करण्यातही तेच संयुग खर्ची पडतं, आणि जंतू मारण्याच्या ऐन वेळी साठा अपुरा ठरतो. म्हणजे पेशी हजर असते, जंतू तिच्या पोटातही असतो, तरी तो जगू शकतो. शिवाय सगळा बिघाड मंदपणाचाच नाही. न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएच्या धाग्यांची जाळी टाकूनही जंतू अडवतात. मधुमेहात ही जाळी नको तितक्या सहज पसरते आणि जखम भरून येण्याच्या आड येते, असं 2015 साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ औषध घ्या, हा सल्ला मला पटत नाही. इथे प्रश्न शक्ती वाढवण्याचा नाही, पेशींचं काम ताळ्यावर आणण्याचा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो: जंतुसंसर्गामुळेच साखर चढते, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? संसर्गात साखर चढते हे खरंच. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी संसर्गाच्या आधी केलेली असते तेव्हाही, ती जितकी जास्त तितका पुढे गंभीर संसर्गाचा धोका जास्त, असंच आढळतं. मधुमेह्यांत क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट असतो. मेलिऑइडोसिस हा आजार तर भातशेतीच्या ओल्या मातीतल्या जंतूंमुळेच होतो. कर्नाटकच्या किनारपट्टीवरच्या त्याच्या रुग्णांत निम्म्याहून अधिक मधुमेही असतात आणि बहुतेक रुग्ण पावसाळ्यात येतात. किनारा शेजारचा, पण पीक आणि पाऊस आपलेच.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: नांगर धरणाऱ्या सडसडीत माणसाला कसला आलाय मधुमेह? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या गावांतल्या बाळांचा अभ्यास करून दाखवलं, की आपली बाळं वजनाने हलकी असली तरी त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. सडपातळ अंगकाठी हा निरोगीपणाचा दाखला नव्हे. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि ते केवळ शहरांत राहत नाहीत.

मग अँटिबायोटिक कशाला आहे, असंही विचारलं जाईल. ते हवंच, आणि वेळेवर हवं. पण जंतूंचा शेवटचा निचरा पेशीच करतात, आणि रक्तपुरवठा खुंटलेल्या पायात औषधही पुरेसं पोचत नाही. संसर्ग चालू असताना डॉक्टर काही दिवस इन्सुलिन सुरू करतात, तेव्हा ‘एकदा लागलं की सुटत नाही’ या भीतीने ते नाकारलं जातं. ही भीती मला फार घातक वाटते. साखर आटोक्यात आली की न्यूट्रोफिलचं काम बऱ्याच अंशी सुधारतं. त्या दिवसांत इन्सुलिन हा जखमेचाच उपचार असतो.

गमबूट घाला, असं मी सांगणार नाही. लावणीच्या गाळात ते रुततात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. संध्याकाळी पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणं आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उजेडात तळवे पाहणं मात्र जमण्यासारखं आहे. दुसऱ्याने अशासाठी, की जुन्या मधुमेहात नसा बधिरतात आणि काटा रुतलेला कळत नाही. आणि साखरेची तपासणी मे महिन्यात, खाचरात पाणी उभं राहण्याआधी व्हायला हवी; लावणी सुरू झाली की दवाखान्यात जायला कुणालाही सवड नसते.