धावपट्टीवरील बारा दिवे
(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही भाषणाचा विषय कळविला तेव्हा कार्यवाहांच्या मुद्रेवर जे भाव उमटले, ते आम्ही सहजी विसरणार नाही. संगणकावरील लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये युद्धकाळातील विमानतळाचे रात्रीचे दिवे कसे उभे करावेत, हा आमचा विषय. कला शाखेच्या पदवीवर केंद्र सरकारच्या फायली हाताळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने या वाटेला का जावे, असा प्रश्न आपणांसही पडला असेल. त्याचे उत्तर आमच्या घरातच आहे. म्हणून आरंभ घरापासून करतो.

७ मे २०२५ रोजी रात्री आठ वाजता नवी दिल्लीच्या मध्यवर्ती भागात पंधरा मिनिटांची दिवाबंदी पाळण्यात आली, हे आपणांस स्मरत असेल. आम्ही सारे सरकारी निवासस्थानाच्या गच्चीवर उभे होतो. नोएडात संगणकाची नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने आजोबांना विचारले, "नाना, युद्धात असाच अंधार असायचा का हो?"

नाना क्षितिजाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा कसला अंधार? तिकडे आभाळ लाल दिसतंय की!"

आमचे वडील वायुदलात वीजविभागात होते. १९७१ च्या युद्धात ते पंचवीस वर्षांचे असून पश्चिम सीमेजवळील एका तळावर नेमणुकीस होते. त्या युद्धाविषयी ते घरात कधी बोलले नाहीत. २०२१ साली युद्धविजयाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा आपल्या मंडळाने त्यांचा सत्कार योजिला होता. "मी काय केलं? दिवे लावले," एवढेच म्हणून त्यांनी नकार दिला. त्या वाक्यात विनय किती आणि वेदना किती, हे आम्हांस तेव्हा उमगले नव्हते.

गच्चीवरील त्या रात्रीनंतर कन्येने आजोबांचा तळ संगणकावर उभारण्याचे मनावर घेतले. तिच्यापाशी दुसऱ्या महायुद्धावरील एक सिम्युलेटर आहे आणि त्यात स्वतःचा प्रसंग रचण्याची सोय आहे. पहिल्या आठवड्यातच तिने धावपट्टीच्या दोन्ही कडांना दिव्यांच्या लखलखीत ओळी मांडल्या. नानांनी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाले, "ही दिवाळी झाली. असे दिवे आम्ही लावले असते, तर सकाळी तळ शिल्लक राहिला नसता."

येथून आमचे शिक्षण सुरू झाले. युद्धकाळात विमानतळावरील दिव्याला दोन परस्परविरुद्ध धर्म पाळावे लागतात: आपल्या वैमानिकाला दिसावे आणि शत्रूला दिसू नये. १९४० मध्ये स्कॉटलंडमधील ड्रेम येथील विमानतळावर विंग कमांडर रिचर्ड ॲचर्ली यांनी यावर तोड काढली. स्पिटफायर विमानाचे नाक लांब. उतरताना वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे. ॲचर्लींनी दिव्यांना झाकणे बसवून त्यांचा प्रकाश असा रोखला की, ठरलेल्या मार्गाने येणाऱ्यालाच तो दिसावा. ही पद्धत पुढे 'ड्रेम प्रकाशयोजना' या नावाने ब्रिटनच्या अनेक तळांवर गेली. उतरणीचा कोन दाखविणारा तिरंगी दिवाही त्या काळी वापरात होता. हिरवा दिसला तर उतरण बरोबर, पिवळा दिसला तर विमान फार उंच आणि तांबडा दिसला तर धोक्याइतके खाली. याच्या उलट, शत्रूला भुलविण्यासाठी ओसाड रानात खोट्या धावपट्टीचे दिवे लावण्याचा उद्योगही कर्नल जॉन टर्नर यांच्या देखरेखीखाली चालला. आपण ज्याला दिल्लीचा विमानतळ म्हणतो ते पालमही त्याच महायुद्धातले अपत्य होय.

मात्र नानांच्या तळावर वीज गेली की हाताशी उरे तो 'गूजनेक'. बागेला पाणी घालण्याच्या झारीसारखे भांडे, पोटात रॉकेल आणि तोटीत जाडजूड वात. असे बारा दिवे, शंभर शंभर यार्डांवर, एका ओळीत. कन्येने लखलखाट पुसून हे बारा दिवे मांडले. त्यांची ज्योत मंद व पिवळसर केली, वाऱ्याने हलती ठेवली. संगणकाचा पडदा खरा काळा होतच नाही, म्हणून खोलीतले दिवे मालवून वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू देऊन मगच पाहावयाचे, असा आमचा नियम ठरला.

चंद्राचा प्रश्न त्यानंतर निघाला. नाना म्हणाले, "लढाई सुरू झाली तेव्हा दत्तजयंती नुकतीच झाली होती. चांदणं असं की दिव्यांची गरजच वाटू नये." आम्ही पंचांग पडताळले. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले, ते मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. १७ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता युद्धविराम झाला, तो अमावास्येला. म्हणजे त्या चौदा दिवसांत रात्र उत्तरोत्तर काळी होत गेली. रात्र किती निर्णायक असते, याचे उदाहरण लोंगेवालाचे. ४ डिसेंबरच्या रात्री तेथील तुकडीवर रणगाडे चालून आले. पण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नसल्यामुळे तांबडे फुटेपर्यंत थांबावे लागले.

सर्व काही जुळले असे आम्हांस वाटले, तेव्हा कन्येने एक कळ दाबली आणि बाराही दिवे एकदम विझले. नाना जरा तीव्र स्वरात म्हणाले, "असे विझत नाहीत ते. कुणीतरी विझवावे लागतात."

मग त्यांनी सांगितले. दोघे जण, दोन टोकांना. प्रत्येकाचे सहा दिवे. सायकलीवरून जायचे, उतरायचे, तोटीवर टोपण घालायचे, पुन्हा सायकल. शर्थ केली तरी तीन-साडेतीन मिनिटे. आम्ही हिशेब मांडला. ताशी साडेपाचशे किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात सुमारे तीस किलोमीटर अंतर तोडते. त्यातही गुंता असा की, रात्री बाँबफेकीला जाणारी आपली विमाने कॅनबेरा होती आणि पाकिस्तानची बी-५७. आणि बी-५७ म्हणजे त्याच ब्रिटिश कॅनबेराची अमेरिकेत बांधलेली आवृत्ती. खाली उभ्या असलेल्या माणसाने आवाजावरून आपला कोण आणि परका कोण हे ओळखावे कसे?

युद्धाच्या दुसऱ्या आठवड्यातील एका रात्री भोंगा वाजून गेल्यावर दिवे लावण्याचा हुकूम आला. आपले एक विमान परतत होते, इंधन संपत आले होते. नानांनी सहाही दिवे लावले आणि सहाव्यापाशी टोपण हातात धरून उभे राहिले. आवाज जवळ येत होता. "तो आपला आहे एवढं मला सांगितलं होतं. पण सांगणाऱ्याला तरी कुठं दिसत होतं?" नाना म्हणाले. विमान आपलेच होते. ते उतरले, नानांनी दिवे विझविले आणि रॉकेल भरून ठेवले. या प्रसंगाची कोठे नोंद झाली नाही. व्हावी असेही त्यांना वाटले नाही.

कन्येने आता दिवे एकेक करून विझतील अशी रचना केली आहे आणि सहाव्या दिव्यापाशी एक उभा माणूस ठेवला आहे. विमानातून तो दिसत नाही. नानांनी तो पाहिला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "सायकल कुठाय त्याची?" ती अद्याप मिळालेली नाही, शोध चालू आहे.

बंधुभगिनींनो, भुजच्या तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक आणि बाँबने उखडलेली तेथील धावपट्टी अवघ्या ७२ तासांत दुरुस्त करणाऱ्या माधापरच्या सुमारे ३०० महिला यांची कथा आज सर्वांस ठाऊक आहे. तथापि ज्यांची कथा कोणी विचारलीच नाही, अशी माणसे या सभागृहातही मागच्या रांगांत बसली असतील. कोणी तारघरात रात्रपाळी केली असेल, कोणी रुग्णालयाच्या खिडक्यांना काळे कागद चिकटविले असतील. सत्काराला बोलाविले तर ती येणार नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो. त्यांच्यासमोर काहीतरी चुकीचे मांडावे, मग ती दुरुस्त करावयास आपण होऊन बोलू लागतात. मंडळाने या वर्षी एवढे एक कार्य हाती घ्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. नाना आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. आमच्या भाषणातील चुका ते घरी गेल्यावर सांगतीलच.