थंडीतही रंगीत: शाळेच्या बागेसाठी झाडं निवडताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं, यावर बोलायला मला दहा मिनिटं मिळाली आहेत. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. ठाण्याला आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमधली झाडं गेली काही वर्षं सांभाळते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं. आमच्या धंद्यात आधी गरज लिहून काढतात आणि मग उत्तर शोधतात. आज मी तेच करणार आहे.

नव्या इमारतीच्या कडेने, फाटकापासून बालवर्गापर्यंत मातीची एक पट्टी आहे. साठ फूट लांब, आठ फूट रुंद. मैदान सोडलं तर आवारात उघडी माती उरली आहे ती एवढीच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन सूचना आल्या. एक, तिथे पेव्हर ब्लॉक घालून कुंड्या मांडाव्यात. दुसरी, माती ठेवून बाग करावी. बागवाल्यांनी अटही घातली: डिसेंबरात गॅदरिंग असतं, तेव्हा बाग रंगीत दिसली पाहिजे आणि एकही झाड उघडंबोडकं दिसता कामा नये. म्हणजे सदाहरित आणि तरीही रंगीत पानांची झाडं हवीत. अट रास्त आहे आणि ती पुरी करता येते. पण त्यासाठी माती लागेल. का, ते सांगते.

आपल्या न्यू जर्सीच्या मैत्रिणीने ग्रुपवर तिच्या अंगणाचे फोटो टाकले होते. बर्फात उभी, जांभळट झालेली ज्युनिपर आणि लालबुंद नंदिना. सगळ्यांनी विचारलं, हे आणता येईल का? रोपं मिळतीलही, पण तो रंग मिळणार नाही. त्या झाडांना रंग चढतो तो कडाक्याच्या थंडीने. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास आला की कपाटातले स्वेटर बाहेर येतात. तेवढ्या गारव्याला ज्युनिपर दाद देत नाही. आपल्या झाडांच्या पानांना रंग येतो तो मुख्यतः उन्हाने. ऑक्टोबरनंतर आभाळ मोकळं असतं, ऊन तिरपं आणि स्वच्छ पडतं. ते ऊन पट्टीच्या कुठल्या भागावर किती वेळ पडतं, यावर आपली निवड ठरणार आहे.

आपल्या जीवशास्त्राच्या बाईंचा एक प्रश्न आठवा: लाल पानाच्या झाडाचं अन्न कोण तयार करतं? उत्तर स्वयंपाकघरात मिळतं. लाल माठाचं पान गरम पाण्यात उकळा. पाणी लाल होतं आणि हातात हिरवं पान उरतं. हिरवं हरितद्रव्य आत असतंच, लाल रंगद्रव्याने ते झाकलेलं असतं. माठातलं लाल द्रव्य म्हणजे बीटासायनिन; बागेतल्या बहुतेक लाल पानांत मात्र अँथोसायनिन असतं, जास्वंदीच्या फुलात असतं त्याच कुळातलं. भरपूर ऊन असलं की अनेक झाडं ते जास्त तयार करतात, पानाला ते छत्रीसारखं उपयोगी पडतं. सावलीत छत्रीची गरज नसते, म्हणून तेच झाड हिरवं होत जातं. नर्सरीतून आणलेला लालपिवळा क्रोटन जिन्याखाली ठेवला की चार महिन्यांत हिरवा पडतो तो यामुळे. नर्सरीवाल्याने फसवलेलं नसतं.

आता पट्टीकडे येऊ. मी मागच्या महिन्यात दोन रविवार येऊन ऊन मोजलं. फाटकाकडच्या चाळीस फुटांवर सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ऊन असतं. बालवर्गाकडचे वीस फूट बदामाच्या सावलीत आहेत.

उन्हाच्या भागात मागे भिंतीलगत अकॅलिफा. मूळची पॅसिफिकमधल्या बेटांवरची, तांब्याच्या रंगाची पानं, छाटणी सोसणारी, भराभर वाढणारी. चार फुटांवर एक, म्हणजे दहा झाडं पुरतील. पुढच्या ओळीत क्रोटन, अडीच फुटांवर एक, म्हणजे सोळा. क्रोटनमध्ये पिवळा, शेंदरी, लाल, जवळजवळ काळा, असे सगळे रंग मिळतात. मात्र त्याचा चीक अंगाला लागला तर खाज येऊ शकते आणि पोटात गेला तर त्रास होतो. पाचवी-सहावीतली मुलं जाता-येता पानं तोडणारच, आपणही तोडायचो. म्हणून ती ओळ वाटेपासून दोन फूट आत असावी.

सावलीच्या भागात मुलं चार-पाच वर्षांची आहेत आणि या वयात सगळं तोंडात जातं. तिथे क्रोटन नको, डिफेनबाखिया नको, आणि सावलीत सुंदर दिसतो तो अग्लोनिमाही नको. या शेवटच्या दोघांच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते. तिथे कॉर्डिलाइन लावावी, गुलाबी-किरमिजी लांब पानांची. तिला अर्धी सावली चालते.

आणि इथे आपला बदाम मदतीला येतो. तो सदाहरित नाही. त्याची पानं थंडीत लाल होतात आणि गळतात. आपण लाल पानं वहीत दाबून ठेवायचो, दगडाने बदाम फोडून खायचो. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की तो कचरा करतो. पण पानं गळली की ऐन थंडीत खालच्या कॉर्डिलाइनला ऊन मिळेल आणि तिचा रंग खुलेल. उन्हाळा तापेपर्यंत बदामाला पुन्हा पालवी फुटलेली असेल, म्हणजे सावली परत. एवढी सोय आपण पैसे देऊनही करू शकलो नसतो.

काहींनी पॉइन्सेटिया सुचवला. लाल रंगाचा तो खरा डिसेंबरचा मानकरी. मूळचा मेक्सिकोतला. जोएल पॉइन्सेट या अमेरिकी मुत्सद्द्याने १८२८ साली तो अमेरिकेत नेला, त्याचंच नाव झाडाला मिळालं. लाल दिसतात ती त्याची फुलं नसून फुलांभोवतीची पानं. रात्र मोठी झाली की ती रंगतात. पण रात्र अखंड काळोखी हवी, सलग आठ-दहा आठवडे. आपल्या फाटकाजवळ रात्रभर दिवा जळतो. त्या उजेडात पॉइन्सेटिया हिरवाच राहील. तो बंदही करता येणार नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. शिवाय त्याचाही चीक त्रासदायक. म्हणून तो मी यादीतून काढला.

एक मोठं झाडही द्यावं, असं सगळ्यांना वाटतं. येऊरच्या जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये कुसुंबाची लाल पालवी दुरून फुलांसारखी दिसते, पण कुसुंब फार मोठा होतो. मी सीताअशोक सुचवते. आपण शाळेत ज्याला अशोक म्हणायचो, तो उंच, सरळसोट, कंपाउंडला रांगेत लावतात तो हा नव्हे. खरा अशोक वेगळा: सदाहरित, तांबूस कोवळी पानं चिंध्यांसारखी खाली लोंबतात आणि थंडी ओसरताना केशरी फुलांचे गुच्छ येतात. तो सावकाश वाढतो, त्याला पाणी हवं, कोवळेपणी थोडी सावली हवी. इमारतीला खेटलेल्या पट्टीत तो नको. मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याच्या नळाजवळ लावू. जागा आत्ताच विचार करून ठरवायची, कारण वाढलेलं झाड मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आता मुख्य गोष्ट, माती की पेव्हर ब्लॉक. कार्यक्रमपत्रिकेत आज प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. समितीला मीच तशी विनंती केली. क्रोटनची जागा बदलली की तो रुसतो, पानं गाळतो. डिसेंबरात लावलं तर पुढचे सहा महिने पाऊस नाही, आणि मे महिन्यात शाळा बंद. आपल्या बागेची परीक्षा मेमध्ये आहे, डिसेंबरात फक्त निकाल लागतो. कुंडीतली माती मेच्या उन्हात एका दिवसात कोरडी होते, रोज पाणी लागतं, आणि सुट्टीत रोज येणार कोण? जमिनीत मुळं खोल गेली, बुंध्याशी पालापाचोळा पसरला, तर आठवड्यातून दोन-तीनदा पाणी देऊन भागतं. तो पालापाचोळा बदाम फुकट देणार आहे. शिवाय ब्लॉक घातले की पावसाळ्यात त्या साठ फुटांचं पाणी मुरणार नाही, ते फाटकाकडे येईल. फाटकाशी पाणी तुंबलं की काय होतं, ते जुलैत दप्तर डोक्यावर घेऊन आलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. माती ठेवायची. मेअखेर खड्डे खणून शेणखत घालायचं, पाणी साचू नये म्हणून ओळ थोडी उंच करायची, आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावायचं. रोपं फारशी विकत घ्यायला नकोत. अकॅलिफा, क्रोटन, कॉर्डिलाइन, तिन्ही फांदीपासून जगतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या सोसायटीत ती आहेत. छाटणीत फेकून देता, त्या फांद्या आणा. कल्याणहून, ठाण्याहून, जिथून येता तिथून. जमलेल्या निधीतला थोडा भाग खत आणि सीताअशोकासाठी, बाकीचा दोन वर्षांच्या पाण्यासाठी आणि पाणी घालणाऱ्या माणसाच्या पगारासाठी राखून ठेवायचा. आपल्या वेळी शिपाई मामा सुट्टीतही येऊन झाडांना पाणी घालायचे. तेव्हा ते कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही, आणि त्याचे पैसे त्यांना मिळत होते का, हेही आपण कधी विचारलं नाही. या वेळी ते काम हिशेबात धरू.

थंडीत एक काम मुलांसाठी ठेवू. ऑक्टोबरपासून पानांवर धूळ बसते. धुळीने रंग झाकतो आणि कोरड्या हवेत लाल कोळी पडतो. आठवड्यातून एकदा पाइपने पानं, खालच्या बाजूनेसुद्धा, धुतली की दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात. आठवीच्या वर्गाला हे काम नक्की आवडेल, कारण सगळे भिजतील.

समितीने निर्णय आज संध्याकाळी घ्यायचा आहे. बाहेर चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. त्यात दोन रकाने आहेत: मी कुठल्या झाडाची फांदी आणणार, आणि मेच्या कुठल्या आठवड्यात पाण्यावर लक्ष ठेवणार. पहिला रकाना लवकर भरेल, याची मला खात्री आहे. कृपा करून दुसऱ्यात आधी नाव लिहा.