मोबाईलची नेटवर्क निवड आणि गावाचा संपर्क

(शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळ्यातील एका रात्रीची कल्पना करावी. घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीत बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या स्त्रीला रुग्णालयात हलवावयाचे आहे. शेजारच्या गावातील जीपवाल्याला निरोप धाडावयाचा आहे. घरात तीन मोबाईल आहेत आणि तिन्हींच्या पडद्यावर सिग्नलची एखाददुसरी दांडी दिसते. तथापि फोन काही लागत नाही. घरची माणसे ओसरीवरून अंगणात, अंगणातून खळ्यावर धावतात. अखेर 'टॉवरच बिघडला आहे' असा निष्कर्ष निघतो. तो खराही असेल. परंतु त्या तिघांपैकी एखादा मोबाईल त्याच अंगणात लागू शकला असता, आणि महिन्यापूर्वी कोणीतरी 'इंटरनेट वेगाने चालावे' म्हणून बदलून ठेवलेल्या एका सेटिंगमुळे तो मुका राहिला, असेही असू शकते. टॉवर बिघडला आहे की मोबाईलची निवड चुकली आहे, हे गावाला ओळखता येणे हाच आजच्या विषयाचा गाभा होय.

पिढ्यांचा अर्थ

२जी, ३जी, ४जी आणि ५जी या संज्ञांतील 'जी' म्हणजे पिढी. भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली या शहरांच्या दरम्यान झाले. ते २जी तंत्राचे होते. हे तंत्र मुख्यतः बोलण्यासाठी व लघुसंदेशासाठी घडविले गेले. ३जी सेवेचा आरंभ २००८ च्या डिसेंबरात दिल्लीत झाला. ४जी २०१२ मध्ये कोलकात्यात आले आणि ५ सप्टेंबर २०१६ नंतर ते खेडोपाडी पसरू लागले. ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला.

नवी पिढी आली म्हणून जुनी लगेच जात नाही. एकाच टॉवरवर दोन-तीन पिढ्यांची यंत्रसामग्री शेजारी शेजारी काम करीत असते. मात्र सर्वच कंपन्यांकडे सर्व पिढ्या नाहीत. रिलायन्स जिओची सेवा आरंभापासून ४जीवर उभी राहिली. तिच्याकडे २जी वा ३जी नाही. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून आपली ३जी सेवा बंद करण्यास प्रारंभ केला, परंतु २जी चालू ठेवली. भारत संचार निगमच्या स्वदेशी बनावटीच्या ४जी यंत्रणेचे राष्ट्रार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. यास्तव एका सिमकार्डास मानवणारी निवड दुसऱ्यास मानवेलच असे नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

पल्ला आणि वेग

रेडिओलहरींचा स्वभाव समजला की पुढचे बरेच कोडे सुटते. कमी कंपनसंख्येच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतून, झाडोऱ्यातून अधिक सहजतेने पार होतात. जास्त कंपनसंख्येच्या लहरी अधिक माहिती वाहून नेऊ शकतात, परंतु त्यांचा पल्ला तोकडा असतो. आपल्याकडे २जी सेवा ९०० व १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. ४जीसाठी ८५० पासून २३०० मेगाहर्ट्झपर्यंतचे अनेक पट्टे वापरले जातात. ५जीचा प्रमुख पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढे सुरू होतो. काही ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झचाही वापर होतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, लोखंडी पत्र्याचे छप्पर आणि मध्ये आलेला डोंगराचा सोंड यांमुळे उंच पट्ट्याच्या लहरी प्रथम अडतात. पत्र्याच्या शाळाखोलीत न चालणारा मोबाईल व्हरांड्यात चालू लागतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

वेगातील तफावतही मोजून पाहण्यासारखी आहे. २ मेगाबाईटचे एक छायाचित्र म्हणजे १६ मेगाबिट माहिती. सेकंदाला १०० किलोबिट या २जीच्या बेताच्या वेगाने ते पाठवावयास १६० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. सेकंदाला ५ मेगाबिट इतका ४जीचा साधा वेग मिळाला तर तेच काम तीन-साडेतीन सेकंदांत होते. अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकरवर माहिती भरते किंवा शेतकरी ई-पीक पाहणीसाठी बांधावरून पिकाचे छायाचित्र पाठवितो, तेव्हा हा फरक काम होणे आणि न होणे यांतील फरक ठरतो. याउलट, केवळ निरोप द्यावयाचा असेल तेव्हा वेग दुय्यम आणि पल्ला मुख्य ठरतो.

मोबाईल आपली निवड कशी करतो

सामान्यतः मोबाईल 'आपोआप' या स्थितीत असतो. त्या स्थितीत तो उपलब्ध पिढ्यांपैकी वरच्या पिढीला अग्रक्रम देतो आणि ती न सापडल्यास खालच्या पिढीकडे वळतो. बहुतेक ठिकाणी ही व्यवस्था उत्तम होय. अडचण येते ती कव्हरेजच्या काठावरील गावात. तेथे ५जीचा क्षीण सिग्नल येतो व जातो. मोबाईल त्यास धरू पाहतो, सोडतो, पुन्हा शोधतो. या धडपडीत काम खोळंबते आणि बॅटरीही लवकर उतरते. पडद्यावरील दांड्या सिग्नलचे बळ दाखवितात, टॉवरवरील गर्दी दाखवीत नाहीत. म्हणून सायंकाळी दांड्या पूर्ण असूनही इंटरनेट अडखळते.

बोलण्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ४जीची रचना मूलतः माहितीच्या वहनासाठी आहे. तिच्यावरून बोलण्यासाठी 'व्होल्टी' नावाची सोय मोबाईलमध्ये व सिमवर चालू असावी लागते. ती नसेल तर फोन येताच मोबाईल ३जी वा २जीवर उतरतो. आता एखाद्याने अशा मोबाईलवर 'केवळ ४जी' ही निवड करून ठेवली, तर उतरण्याचा जिनाच काढून घेतल्यासारखे होते. इंटरनेट सुरळीत चालते, पण फोन येत नाही व जातही नाही. आरंभी कल्पिलेल्या वाडीतील मोबाईल मुका होण्याचे एक कारण हे असू शकते. जिओचे सिम असता 'केवळ २जी' निवडल्यास तर सेवाच नाहीशी होते, कारण त्या कंपनीकडे ती पिढी नाही.

निवड कोठे व केव्हा बदलावी

अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क किंवा कनेक्शन्स या विभागात जावे. तेथे सिम अथवा मोबाईल नेटवर्क हा पर्याय असतो. दोन सिम असल्यास ज्या सिमची अडचण आहे ते निवडावे, कारण प्रत्येक सिमची निवड स्वतंत्र असते. त्याखाली 'प्राधान्याचा नेटवर्क प्रकार' किंवा 'नेटवर्क मोड' अशी ओळ आढळते. काही मोबाईलमध्ये शब्द थोडे निराळे असतात, पण यादीत ५जी, ४जी, ३जी, २जी यांची नावे दिसली की जागा सापडली असे समजावे. आयफोनमध्ये सेल्युलर, मग सेल्युलर डेटाचे पर्याय आणि त्यात 'व्हॉइस व डेटा' असा क्रम आहे. निवड बदलल्यावर मोबाईलला नवे नेटवर्क शोधण्यास मिनिटभर अवकाश द्यावा. तेवढ्यात जोडणी न झाल्यास विमान मोड काही क्षण चालू करून पुन्हा बंद करावा.

५जी अस्थिर असून ४जी चांगले असेल, तर ४जी ही वरची मर्यादा ठरवावी आणि तिच्याखालील पिढ्या खुल्या राहू द्याव्यात. सायंकाळच्या गर्दीत ४जी कुंठित झाले असेल व त्या ठिकाणी ५जी स्थिर असेल, तर उलट ५जी खुले करावे. दूरच्या वस्तीवर केवळ बोलावयाचे असेल आणि सिमच्या कंपनीकडे २जी असेल, तर तेवढ्यापुरते २जीवर उतरून पाहावे. त्यावर बोलणे चालू असता इंटरनेट सामान्यतः थांबते. तो बिघाड समजू नये. काम संपताच निवड पुन्हा 'आपोआप' करावी. हा नियम सर्वांत महत्त्वाचा होय, कारण बहुतेक तक्रारी निवड बदलल्यामुळे उद्भवत नाहीत, बदललेली निवड विसरल्यामुळे उद्भवतात.

काही सावधगिरी

मोबाईलच्या छुप्या चाचणी-पडद्यावर नेणारे संकेतांक लोकांत फिरत असतात. त्या पडद्यावर 'केवळ' या स्वरूपाच्या कठोर निवडी असतात आणि व्होल्टी नसलेल्या मोबाईलवर त्यांमुळे बोलणे बंद पडू शकते. नेहमीच्या सेटिंग्जमध्ये जे मिळते तेवढ्यावर संतोष मानावा.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. २जी तंत्रात टॉवर मोबाईलची ओळख पटवून घेतो, परंतु मोबाईलला टॉवरची ओळख पटविता येत नाही. ३जीपासून ही पडताळणी दोन्ही बाजूंनी होते. बनावट टॉवर उभारून फसवे संदेश धाडणारे या उणिवेचा लाभ घेतात. यास्तव मोबाईल कायमचा २जीवर ठेवू नये, आणि तशा अवस्थेत आलेल्या संदेशातील दुव्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरी गोष्ट संकटकाळाची. ११२ हा क्रमांक फिरविला असता मोबाईल आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी त्या जागी उपलब्ध असलेल्या अन्य कंपनीच्या नेटवर्कवरून प्रयत्न करतो. स्वतःच्या सिमवर सेवा दिसत नाही म्हणून हा क्रमांक फिरवावयाचे टाळू नये. ही एक गोष्ट शाळेतील प्रत्येक मुलाला व घरातील प्रत्येक वृद्धाला ठाऊक असावी.

गावाची नोंदवही

इतके जाणून घेतल्यावर पंचायतीच्या हाती एक साधन येते. नेटवर्क नसल्याची तक्रार गावोगाव होते. परंतु 'आमच्याकडे रेंज नाही' एवढ्या वाक्यावर कोणत्याही कंपनीला कारवाई करणे कठीण जाते, आणि टाळणे सोपे जाते. त्याऐवजी शाळेतील वरच्या वर्गाचे विद्यार्थी व शिक्षक यांनी मिळून एक साधी पाहणी करावी. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, रास्त भाव दुकान आणि दूरची वस्ती अशी पाच ठिकाणे घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी उघड्यावर उभे राहून प्रथम 'आपोआप' स्थितीत आणि नंतर प्रत्येक उपलब्ध निवडीवर फोन लागतो का, छायाचित्र जाते का, हे पाहावे. पडद्याच्या वरच्या कडेस कोणती पिढी दिसते तेही टिपावे. तेथे 'ई' हे रोमन अक्षर दिसल्यास ती २जी आणि 'एच' दिसल्यास ३जी समजावी. दिनांक, वेळ, कंपनी व मोबाईलचा प्रकार नोंदवावा. तेच सिम दुसऱ्या मोबाईलमध्ये घालून पुन्हा पाहावे. एका मोबाईलवर चालते व दुसऱ्यावर नाही, तर दोष मोबाईलचा वा त्याच्या निवडीचा. दोन्हींवर चालत नाही, तर शंका टॉवरकडे वळते.

या नोंदीस आता एक चांगली जोड मिळाली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ मधील सेवा-गुणवत्ताविषयक नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे आहेत. कोठे २जी, ३जी, ४जी वा ५जी मिळते याचा कंपनीचा दावा त्यावर पाहता येतो. नकाशात गाव ४जीच्या रंगात दिसते आणि नोंदवहीत पाचपैकी तीन ठिकाणी ४जी लागत नाही, असे आढळल्यास ती तक्रार मोघम राहत नाही. ग्रामसभेच्या ठरावासह ती कंपनीच्या तक्रार केंद्राकडे द्यावी, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे.

नेटवर्कची निवड बदलल्याने नवा टॉवर उभा राहत नाही. जेथे लहरीच पोहोचत नाहीत तेथे कोणतेही सेटिंग उपयोगी पडावयाचे नाही. परंतु जेथे त्या पोहोचतात आणि माणूस मात्र त्यांच्यापासून तुटलेला राहतो, तेथे हे ज्ञान उपयोगी पडते. आणि जेथे त्या खरोखरच पोहोचत नाहीत, तेथे ते पुराव्यानिशी सांगण्याचे बळ देते. ज्या गावात एक शिक्षक, एक आशा कार्यकर्ती आणि एक पंचायत सदस्य एवढ्या तिघांना ही निवड तपासता येईल, त्या गावातील कोणाचाही मोबाईल विसरलेल्या सेटिंगपायी पावसाळ्याच्या रात्री मुका राहणार नाही. पुढील ग्रामसभेच्या दिवशी सभा सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे काढून उपस्थितांचे मोबाईल या दृष्टीने पाहिले जावेत. आरंभ तेथूनच व्हावा.